मारबत, तान्हा पोळा, भुलाबाई: सणांच्या वन-शॉटच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५

काम ठरलं. नागपुरात टेबलाभोवती बसून रोलप्लेइंग गेम (डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे, फासे टाकत गोष्ट घडवायचे खेळ) खेळणाऱ्या गटांसाठी सणांवर बेतलेले तीन वन-शॉट लिहायचे. एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपणारे, ४ ते ५ खेळाडूंचे, तयार कॅरॅक्टर शीटसकट (खेळाडूच्या पात्राची माहिती आणि आकडे असलेलं पान). मारबत आणि तान्हा पोळा २३ ऑगस्टच्या आत, भुलाबाई कोजागिरीच्या आत.

लिहायला बसण्याआधी एक कसोटी नक्की केली, तीच तिन्ही खेळांना लागेल. सण काढून टाकला तर गोष्ट तशीच उभी राहते का? राहत असेल तर सण नुसता दारावर टांगलाय. कंदील लावलेली गुहा ही शेवटी गुहाच. सणाला स्वतःचा क्रम असतो: आधी काय, मग काय, कुणाच्या हातून, कुठपर्यंत. तो क्रम खेळाचा नियम झाला पाहिजे. शिवाय सणाचा शेवट कुणाला पुढे ढकलता येत नाही. तोरण तुटतं, बाहुली जळते, चंद्र डोक्यावर येतो. वन-शॉटचं सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे तो वेळेत संपत नाही. पहिल्या चौकशीत दोन तास जातात आणि शेवटच्या लढाईला वीस मिनिटं उरतात. सणाच्या क्रमात त्यावरचं औषध आयतं मिळतं.

१२ जुलै

पहिला खेळ मारबतीचा. नागपूरबाहेरचा डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा सूत्रधार, हा खेळ चालवेल तेव्हा त्याला हे माहीत हवं, म्हणून पुस्तिकेच्या पहिल्या पानावर थोडक्यात: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातून काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात. बांबूच्या कमच्या आणि कागदाच्या अवाढव्य बाहुल्या. काळीची मिरवणूक १८८१ पासून, पिवळीची १८८५ पासून. दोघींची भेट इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी होते. सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना जे खुपतंय त्याचे पुतळे. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा गजर होतो आणि शेवटी शहराबाहेर नेऊन दहन.

इथे एक गोष्ट आम्ही ठामपणे ठरवली. मारबतीला राक्षसीण करायचं नाही. पिवळीपुढे लोक नवस बोलतात, लेकरं पायाशी ठेवतात. आणि नीट पाहिलं तर ती दुष्ट नाहीच. गावाचं दुखणं स्वतःच्या अंगावर घेऊन ती निघालेली असते. खेळातल्या शहराचं नाव सातवेस, बाहुल्यांची नावं काजळी आणि हळदुली. खरी नावं, खरे चौक, खरे समाज खेळात आणायचे नाहीत.

गोष्ट अशी: सातवेशीत प्रत्येक जण आपली पिडा चिठ्ठीवर लिहून बाहुलीच्या पोटात टाकतो आणि बाहुली ती वेशीबाहेर नेते. एका आडत्याने यंदा पिडेच्या जागी माणसाचं नाव टाकलंय, आपल्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या मुलीचं. लिहिलेलं घेऊन जाणं हेच काजळीचं काम, म्हणून ती मुलीलाही नेऊ लागली आहे. मुलगी तासागणिक फिकी पडते आणि तिची पावलं आपोआप मिरवणुकीकडे वळतात. काजळी वेशीबाहेर जायच्या आत ती एक चिठ्ठी बाहेर काढायची. बाकीच्या चिठ्ठ्या तिने नेल्याच पाहिजेत, नाहीतर गावची पिडा गावातच राहील. म्हणजे तिला मारून भागत नाही.

१९ जुलै

वेळेचा पट्टा. कार्डशीटच्या पट्टीवर दोन बाजूंनी सहा-सहा घरं, मधे चौक. एका टोकाला काजळी, दुसऱ्या टोकाला हळदुली, दोन्हींना कॅरमच्या सोंगट्या.

पहिल्या मसुद्यात दर फसलेल्या चेकला, म्हणजे एखादी कृती जमते का ते ठरवायला टाकलेल्या फाशाला, दोन्ही सोंगट्या एक घर पुढे, असा नियम होता. तो पडला, आणि का पडला ते साध्या हिशोबात दिसतं. लेव्हल ३ च्या कॅरॅक्टरला फाशावर +५ मिळत असतील आणि डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर (डी-२०) १० किंवा वर पडावं लागतं, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. एका सीनमध्ये पाचेक चेक होतात, त्यातले दोन-सव्वादोन फसतात. तीन सीन पूर्ण व्हायच्या आत सहा घरं संपतात. टेबलावर अगदी तेच झालं. बाजार, बाहुलीकाराचं घर, आणि थेट चौक. चावडी आणि विहीर ही दोन चांगली ठिकाणं तशीच राहिली. त्याहून वाईट म्हणजे घर पुढे जाईल या भीतीने खेळाडूंनी फासे टाकणंच सोडलं.

नवा नियम: पट्टा घड्याळावर चालेल. दर २० मिनिटांनी दोन्ही सोंगट्या एक घर पुढे, कुणी काहीही करो. सहा घरं, दोन तास. डीएमने मोबाइलवर अलार्म लावायचा आणि तो वाजला की मिरवणुकीचं एक वाक्य म्हणायचं: ढोल कुठल्या गल्लीत पोचले, गुलाल कुठे उधळला. पूर्ण बैठक २१० मिनिटांची: ओळख १५, चिठ्ठ्या आणि शीट २०, तपास १२०, चौक ४०, वेस १५.

२७ जुलै

चिठ्ठ्या. हा भाग सगळ्यात जास्त जपायचा आहे.

सुरुवातीला प्रत्येक खेळाडू आपल्या कॅरॅक्टरची एक पिडा लिहून टेबलावरच्या काजळीच्या पोटात टाकतो. काजळी अशी बनते: अर्ध्या लिटरची रिकामी बाटली, भोवती अगरबत्तीच्या सहा काड्या दोऱ्याने बांधलेल्या, वर काळा पतंगी कागद. बाटलीचं तोंड उघडं ठेवायचं, चिठ्ठी तिथूनच आत जाते. डोकं म्हणजे कागदाचा गोळा, नुसता वर ठेवलेला, चिकटवायचा नाही. शेवटी चिठ्ठ्या काढायला तो उचलावा लागतो.

मोकळी चिठ्ठी दिली की माणसं स्वतःचं खरं दुःख लिहितात. घरातलं आजारपण, गेलेली नोकरी. आणि दोन तासांनी तेच दुःख लढाईत हल्ला बनून समोर येतं. टेबल गप्प होतं आणि पुढचा खेळ जड जातो. म्हणून आता छापील बारा पिडांतून एक निवडायची: उधारी, कोरडी विहीर, वाट चुकणं, जुना ताप, भावकीचा वाद, न पाळलेला शब्द, वगैरे. स्वतःचं लिहायचंच असेल तर सुरुवातीला तसं विचारून घ्यायचं. टेबलाच्या मधोमध एक्स-कार्ड ठेवायचं. कुणी त्यावर हात ठेवला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

प्रत्येक पिडेचा लढाईतला परिणाम चिठ्ठीच्या मागे छापला. 'वाट चुकणं' बाहेर पडली की जवळच्या कॅरॅक्टरने आठ बाजूंचा फासा (डी-८) टाकून त्या दिशेला १० फूट जायचं. 'उधारी' असेल तर पुढच्या वेळी मिळणारे हिट पॉइंट (एचपी, म्हणजे अंगातला जीव) अर्धेच. 'जुना ताप' म्हणजे डीसी १२ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तब्येतीवर टाकायचा बचावाचा फासा), फसला तर एक फेरी दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हांटेज. परिणाम एका ओळीत मावला नाही तर तो काढून टाकायचा. लढाईत कुणी दोन ओळी वाचत नाही.

३ ऑगस्ट

काजळीचे आकडे. नवीन मॉन्स्टर बनवत बसण्यापेक्षा जागं झालेलं झाड, म्हणजे अवेकन्ड ट्री, घेतलं: एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १३, एचपी ५९, वेग २० फूट, हल्ला +६, नुकसान ३डी६+४ (सहा बाजूंचे तीन फासे अधिक ४). बांबू-कागदाच्या बाहुलीला ते नेमकं बसतं, कारण त्यालाही आग दुप्पट लागते. सोबत किड्यांचे दोन थवे, प्रत्येकी १०० एक्सपी, म्हणजे शत्रूच्या ताकदीचे गुण. झाडाचे ४५० अधिक थव्यांचे २०० म्हणजे ६५०. तीन शत्रू म्हणून दुप्पट, १३००. लेव्हल ३ च्या पाच जणांना डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत ११२५ ला लढाई अवघड आणि २००० ला जीवघेणी धरतात. म्हणजे अवघड, पण आवाक्यातली. चार जण असतील तर एक थवा काढायचा.

अडचण आगीचीच. लेव्हल ३ च्या विझर्डकडे (जादूगाराकडे) स्कॉर्चिंग रे हा आगीचा मंत्र दोनदा असतो. तीन किरण, प्रत्येकी सरासरी ७, तिन्ही लागले तर २१, दुप्पट ४२. बाकीच्यांचा हात लागला की दोन फेऱ्यांत काजळी संपते आणि चाळीस मिनिटांचा चौक दहा मिनिटांत आटोपतो. एचपी वाढवून बघितले, लढाई नुसती लांबली. उपाय सणातच होता. मारबत शहरात जाळत नाहीत. नियम केला: वेशीच्या आत काजळीला आगीचं नुकसान झालं की प्रत्येक वेळी पोटातली एक चिठ्ठी सुटून गर्दीत जाते आणि तिचा परिणाम लगेच लागतो. आग चालते, पण तिची किंमत मोजावी लागते.

हा नियम लपवायचा नाही. नागपूरकर खेळाडूला तो न सांगता कळतो, पुण्याहून आलेल्याला कळत नाही, आणि मग त्याला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्याच सीनमध्ये फुलवालीच्या तोंडी स्पष्ट वाक्य घातलं: "अवं माय, आत नोको पेटवू तिले. पिडा घरोघर जाईन. वेशीभायेर ने."

एचपी शून्य झाले म्हणजे काजळी मेली, असं नाही. ती खाली बसते. मग तिच्या पोटातून ती एक चिठ्ठी काढायची आणि पाचांनी मिळून तिला वेशीपर्यंत खांदा द्यायचा.

१० ऑगस्ट

मारबतीची दुसरी चाचणी. तपास अडकला. आडत्यापर्यंत पोचायचा एकच धागा होता, चिठ्ठीची शाई, आणि त्यासाठी डीसी १५ चा इन्व्हेस्टिगेशन (शोध घेण्याचा) चेक. +३ वाल्याला १२ लागतात, यश ४५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त टेबलांवर गोष्ट तिथेच थांबणार. धागे तीन केले: शाई, चोपडीतून फाडलेला लाल रेघांचा कागद, आणि रात्री कोण आलं होतं ते पाहिलेला बाहुलीकाराचा पोरगा. तिन्ही फसण्याची शक्यता ०.५५ चा घन, सुमारे १७ टक्के. तीही नको, म्हणून पोराचा धागा फाशाविना दिला; त्याच्याशी कुणी धड बोललं की तो सांगतो. फासा फसला तरी माहिती मिळते, फक्त उशिरा, आणि अलार्म तर चालूच असतो.

लाल रेघांचा कागद हँडआउट, म्हणजे खेळाडूंच्या हातात द्यायची वस्तू, म्हणून खरा द्यावा. कापडी बांधणीची चोपडी गांधीबागेत मिळते, एक पान आडवं फाडायचं. खेळाडू ते हातात घेऊन उजेडात धरतात, फाटलेली कड चोपडीला लावून बघतात. त्या एका पानाने तपासाला जे बळ येतं ते वर्णनाच्या अर्ध्या पानाने येत नाही.

बडग्यांसाठी वेगळा नियम लिहिला नाही. डीएमने प्रत्येक खेळाडूला विचारायचं, "सातवेशीत यंदा लोक कशावर चिडलेत?" आणि उत्तराचा पुतळा मिरवणुकीत घालायचा. दोन मिनिटांत शहर उभं राहतं.

१४ ऑगस्ट

तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा. हा खेळ ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, ७५ मिनिटांचा. इथे डी-२० नको. मुलांच्या हातात आधीच एक मिनी, म्हणजे पटावर ठेवायची छोटी मूर्ती, आहे, आणि कुठल्याही दुकानातल्या मिनीपेक्षा देखणी: सजवलेला लाकडी बैल. भोसल्यांच्या काळापासून नागपुरात मुलं तो घेऊन निघतात. खेळात मुलगा बैल चालवत नाही, तो स्वतःच बैल असतो.

प्रत्येक बैलाला तीन गुण: शिंग, म्हणजे ढकलणं, खूर, म्हणजे धावणं, घुंगरू, म्हणजे बोलावणं आणि समजावणं. तिघांत ३, २, १ असे साधे फासे वाटायचे. एका तरी फाशावर ५ किंवा ६ आले की जमलं. एका फाशाला ३३ टक्के, दोनला ५६, तीनला ७०. यापेक्षा कठीण केलं की लहान मुलं तिसऱ्या अपयशाला उठून जातात.

नकाशा एक इंचाच्या चौकोनांचा चालत नाही, बैल तीन-चार इंचांचा असतो. २२ बाय २८ इंचांच्या पूर्ण कार्डशीटवर तीन इंचांचे चौकोन आखले की ७ बाय ९ चा पट मिळतो आणि कडेला अर्धा-अर्धा इंच उरतो. चाकांचे बैल घरंगळतात. पुढच्या चाकांना रबरबँड गुंडाळला की थांबतात. फूटभर उंचीचा बैल कुणी आणलाच तर तो पटाशेजारी मानाने उभा करायचा आणि पटावर त्याच्या नावाचं बाटलीचं झाकण.

झडती, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या यमकाच्या ओळी, हा खेळाचा प्राण. मुलाने दोन ओळींची झडती म्हटली की त्या वेळेला एक फासा जास्त. पहिल्या चाचणीत सगळी मुलं गप्प. कोऱ्या पाटीवर यमक जुळवणं मोठ्यांनाही अवघड. आता दहा पहिल्या ओळी छापल्या आहेत, दुसरी मुलाने करायची. उदाहरणार्थ "बंडीचं चाक रुतलं गाऱ्यात" दिलं, की "गड्याचं मन पुरणाच्या वाऱ्यात", "मामाचं धोतर अडकलं पाऱ्यात" असं काहीही येतं. अर्थ तपासायचा नाही. यमक जुळलं की सगळ्यांनी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" म्हणायचं आणि फासा द्यायचा.

शेवट तोरणाने. पटाच्या टोकाला पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, मधे तोरण. सुतळीचं केलं तर ते तुटत नाही, बाटल्याच आडव्या होतात आणि पट भिजतो. क्रेप कागदाची बोटभर रुंद पट्टी लावावी, मधे नखाएवढी चीर देऊन. पहिला बैल आदळला की ती फाटते. पोळा फुटला, खेळ संपला.

२४ ऑगस्ट

मारबतीची शेवटची चाचणी काल रात्री झाली. वेळ ३ तास ४० मिनिटं, ठरल्यापेक्षा दहा मिनिटं जास्त. ती चौकात गेली: इनिशिएटिव्ह (लढाईत कुणाची पाळी कधी ते) लिहिताना आणि थव्यांची जागा आखताना. दोन्ही आधीच करून ठेवता येतं. शेवटच्या अलार्मआधी सगळ्यांकडून इनिशिएटिव्ह टाकून घ्यायचं, चौकाचा नकाशा झाकून तयार ठेवायचा.

वेशीचा सीन बदलला. आधी डीएमच दहनाचं वर्णन करायचा. आता काजळीचं डोकं उचलून बाटली टेबलावर उपडी करायची, प्रत्येकाने आपली चिठ्ठी शोधून मोठ्याने वाचायची, परत आत टाकायची आणि म्हणायचं, "घेऊन जा गे." लढाईत सुटलेली पिडा सापडत नाही. ती गावात राहिली, आणि ती कुणाकडे राहिली ते त्या खेळाडूने सांगायचं. बाटली खरोखर पेटवायची नाही. प्लास्टिक आणि पतंगी कागद आहे, खोलीत धूर होतो आणि हात भाजतो.

३१ ऑगस्ट

छपाई. ए-४ घडी घालून ए-५ पुस्तिका, पानं चारच्या पटीत. मारबत १६ पानं, तान्हा पोळा ८. चिठ्ठ्या आणि शीट जाड कागदावर वेगळ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केला नाही तर झेरॉक्सवाल्याकडे जोडाक्षरं फुटतात. 'काजळी' ठीक येतं, 'चिठ्ठी' आणि 'दृष्ट' मोडतात. झाडाचे आणि थव्यांचे आकडे एसआरडी ५.१ या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांच्या दस्तऐवजातले आहेत. तो जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा आहे, पण श्रेयाची ओळ छापणं बंधनकारक. ती शेवटच्या पानावर टाकली.

भाषेबद्दल: सेव्ह, एसी, इनिशिएटिव्ह, लेव्हल तसेच ठेवले. टेबलावर कुणी 'चिलखत-अंक' म्हणत नाही. वर्णन आणि संवाद मात्र पूर्ण आपल्या बोलीत.

संक्रांतीच्या पतंगाचाही मसुदा झाला होता. ढील की खेच हे दोघांनी लपवून निवडायचं आणि एकदम उघड करायचं, इतकं छान चालतं. पण ते दहा मिनिटांचं आहे, त्यावर तीन तासांची गोष्ट तोलत नाही. दुसऱ्या कुठल्या खेळात एका सीनला वापरू.

७ सप्टेंबर

आज भाद्रपद पौर्णिमा, भुलाबाई, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणाची मूर्ती, बसली. आजपासून कोजागिरीपर्यंत गाणी आणि रोज खिरापत ओळखणं. झाकलेला डबा, "गोड का तिखट?" पासून सुरुवात. हे आयतं कोडं आहे, त्याला फासेच लागत नाहीत.

गोष्ट एका वाड्यात. माहेरी आलेल्या लेकीला सासर कुठलं तेच आठवत नाही. रात्री दारात कुणीतरी डबा ठेवून जातं. खिरापत ओळखली की तिला एक आठवण परत मिळते. तीन डबे, प्रत्येकी सात प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. डब्यातला पदार्थ हाच धागा: मुरमुऱ्यांचा चिवडा भट्टीकडे नेतो, जवसाची चटणी शेताकडे, मोहफुलांचा लाडू जंगलाकडे. डबे खरे ठेवायचे, पदार्थही खरे.

भिंतीवर २४ पदार्थांची यादी लावायची. यादी नसेल तर प्रश्न भरकटतात. यादी असली की पाच चांगल्या प्रश्नांत उत्तर मिळू शकतं, कारण पाच हो-नाहीत ३२ पर्याय वेगळे होतात. सात दिले, म्हणजे दोन चुका माफ.

२१ सप्टेंबर

पहिली चाचणी. तिसरा डबा प्रश्न न विचारताच फुटला. मोहफुलांचा वास झाकणातून येतो आणि विदर्भातल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. लाडू बटर पेपरमध्ये, तो लहान डब्यात, तो घट्ट झाकणाच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात, असं केलं. मग वाटलं, वास घेणं हा खिरापतीचा भागच आहे, तो बंद का करायचा? नियम केला: डबा हलवून आवाज ऐकणं एका प्रश्नाचं, झाकण किलकिलं करून वास घेणं तीन प्रश्नांचं. यावर खेळाडूंची जी कुजबुज सुरू होते ती ऐकण्यासारखी असते.

सात प्रश्नांत ओळखलं नाही तरी डबा उघडतो आणि आठवण मिळते, पण अर्धी: ठिकाण कळतं, माणूस कळत नाही. बैठकीआधी प्रत्येकाला शेंगदाणा, तीळ, दूध यांतलं काय चालत नाही ते विचारून घ्यायचं, आणि त्याप्रमाणे डबे भरायचे. उपवासवाल्यांनाही विचारावं, नवरात्र उद्यापासून आहे.

५ ऑक्टोबर

उद्या कोजागिरी. खेळ गच्चीवर, पाच खेळाडू. डबे आज भरले. जवसाची चटणी कोरडी घेतली, ओली असेल तर हलवल्यावर आवाजच येत नाही. यादी दोन प्रतींत, एक भिंतीला, एक खेळाडूंकडे. दर डब्याला चाळीस मिनिटं, शेवटच्या सीनला अर्धा तास. चंद्र डोक्यावर येतो मध्यरात्रीच्या आसपास, आणि दूध आटवून त्यात तो पाहायचा तर तिसरा डबा साडेदहापर्यंत उघडायला हवा. म्हणून सुरुवात साडेआठला, आणि शीट खेळाडूंना आज रात्रीच पाठवायच्या.